मॉन्ड म्हणजे मण नव्हे

प्रश्न: सध्या शेक्सपिअरच्या आगेमागे लिहिलेली इंग्लिश नाटकं वाचायचं खूळ डोक्यात शिरलंय. भिकाऱ्यांच्या टोळीचा एक प्रवेश होता, त्यात मॉन्ड असं क्रियापद आलं. मला मॉन्ड म्हणजे मण एवढंच ठाऊक, ब्रिटिश काळातल्या कागदपत्रांत धान्याच्या वजनाला लिहायचे तो. मोबाइलमधल्या डिक्शनरीत शोधलं तर वजन आणि टोपली असे दोनच अर्थ निघाले, आणि भिकारी काही धान्य तोलत नव्हते. हा शब्द नेमका काय आणि आला कुठून?

उत्तर: भीक मागणे. अर्थ एवढाच आहे, पण तुमच्या डिक्शनरीला तो सापडला नाही यात तिचा दोष नाही, कारण हा शब्द सभ्य इंग्लिशमध्ये कधी नीट राहायलाच आला नाही. मॉन्ड म्हणजे भीक मागणे, मॉन्डर म्हणजे भिकारी आणि मॉन्डिंग म्हणजे भिकेचा धंदा. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये रस्तोरस्ती फिरणारे भिकारी, भुरटे चोर, बोगस जखमी असे सगळे आपसात जी बोली बोलायचे तिला कॅन्ट म्हणत, त्या बोलीतला हा शब्द. वजनाचा मॉन्ड, टोपलीचा मॉन्ड आणि हा तिसरा, तिघांचं स्पेलिंग एक, उच्चार एक, आणि घराणी तीन वेगवेगळी. इंग्लिशमध्ये हे नेहमीचंच आहे, वैताग आला तरी इलाज नाही.

शब्द कागदावर कसा आला ते सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. टॉमस हार्मन नावाचा केंटमधला एक जमीनदार होता, मॅजिस्ट्रेटचं कामही बघायचा. तब्येतीच्या कुरबुरीमुळे बरीच वर्षं घरीच असायचा आणि दारावर जो कोणी भिकारी येईल त्याची तासभर उलटतपासणी घ्यायचा, गोड बोलून, खाऊपिऊ घालून, कधी हातावर पैसे ठेवून, तर कधी सरळ दम देऊन. कुठून आलास, कोणाबरोबर फिरतोस, रात्री झोपतोस कुठे, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. असं वीसेक वर्षं गोळा केलेलं सगळं त्याने १५६६ च्या सुमाराला पुस्तक करून छापलं, हेतू असा की बाकीच्या मॅजिस्ट्रेट लोकांनी आणि गावकऱ्यांनी सावध व्हावं. त्या पुस्तकाच्या शेवटी भिकाऱ्यांच्या शब्दांची यादी आहे आणि त्या यादीत मॉन्ड आहे, अर्थ दिलाय विचारणे किंवा मागणे.

ती यादी एकदा तरी वाचा. दिवसाला लाइटमन्स, रात्रीला डार्कमन्स. डुकराला गुरगुरणारी चीट, कोंबड्याला कलकलणारी चीट, कारण चीट म्हणजे नुसतं वस्तू, त्याला पुढे विशेषण लावलं की झाला नवीन शब्द, पोटावरची चीट म्हणजे एप्रन. पावाला पॅनम, जो उघडउघड लॅटिनवरून आलाय. दारू पिण्याला बाउज, तोच पुढे बूझ झाला आणि आज अख्खं जग वापरतं. कपड्यांना डड्स, तोही अजून जिवंत आहे. म्हणजे बघा, दारू टिकली, कपडे टिकले, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चालायचा ते भीक मागणं मात्र गेलं.

आता ही माणसं एवढी सांकेतिक का बोलायची? हौस म्हणून नाही. १५३१ च्या कायद्याने म्हातारे, पांगळे, आंधळे यांना भीक मागायचं लायसन्स मिळायचं, ठरावीक हद्दीपुरतं, सही-शिक्क्याचं. धडधाकट माणूस विनापरवाना सापडला की त्याला उघडं करून गाडीच्या मागे बांधून फटके. १५४७ ला तर याच्याही पुढे गेले, छातीवर व्ही अक्षराचा डाग आणि दोन वर्षं गुलामी, तो कायदा इतका अघोरी होता की त्यांनाच झेपला नाही आणि दोन-तीन वर्षांत रद्द करावा लागला. १५७२ ला परत नवा, फटके आणि उजव्या कानाच्या पाळीला तापलेल्या सळईने इंचभर गोल भोक. याच दरम्यान आठव्या हेन्रीने मठ बंद केले होते, १५३६ ते १५४० या चारेक वर्षांत, आणि गोरगरिबांना दाराशी अन्न देणारी ती एक मोठी सोय गेली. गावाच्या सामाईक जमिनी बड्या लोकांच्या कुंपणात गेलेल्या, लढाया संपून घरी आलेले सैनिक रिकामे, लोकसंख्या वाढतेय, भाव चढलेत. अशा वेळी लायसन्स असलेला आंधळा आणि नसलेला उपाशी यांत फरक करायचं काम गावच्या कॉन्स्टेबलवर, आणि त्याच्या कानाला कळू नये अशी बोली लागणारच.

लायसन्सच्या कागदाला ते जाइब म्हणायचे, शिक्क्याला जार्क, आणि खोटे शिक्के कोरून देणाऱ्याला जार्कमन. म्हणजे बोगस सर्टिफिकेटचा धंदा साडेचारशे वर्षांपूर्वीही तेजीत होता आणि त्याला स्वतंत्र शब्दही होता.

मॉन्ड करायचं म्हणजे नुसता हात पसरायचा असं नव्हतं, त्यात कला होती. हार्मनने एका माणसाची गोष्ट दिलीय, ती वाचताना मी दोनदा हसलो आणि नंतर हसायचा थांबलो. निकोलस जेनिंग्ज त्याचं नाव. १ नोव्हेंबर १५६६ च्या सकाळी हार्मन पुस्तक छापायला लंडनला आलेला, तिथे तो उतरला होता त्याच दारावर हा माणूस आला. अंगावर चिंध्या, चेहरा रक्ताने आणि चिखलाने माखलेला, डोळे तेवढे उघडे, म्हणे मला फिट येतात, आत्ताच गटारात पडलो होतो. कुणीतरी सांगितलं, अरे तोंड धू की, तर नको म्हणाला, धुतलं तर परत रक्त वाहायला लागेल. हार्मनला तिथेच शंका आली. विचारलं, याआधी कुठे होतास, तर म्हणाला बेडलमच्या वेड्यांच्या हॉस्पिटलात दीडेक वर्ष. हार्मनने लगेच तिथे माणूस पाठवून चौकशी केली, असा कोणी पेशंट तिथे कधी नव्हताच.

मग त्याने छापखान्यातली दोन पोरं जेनिंग्जच्या मागावर सोडली. पोरांनी दिवसभर पाठलाग केला. जेनिंग्ज टेंपल भागात वकिलांच्या वाटेवर भीक मागत होता आणि दुपारी मागच्या शेताकडे गेला, तिथे जवळच्या पिशवीतून ताजं रक्त काढून चेहऱ्याला परत लावलं, चिखल नव्याने फासला आणि आला कामावर. अगदी मेकअप ब्रेक. संध्याकाळी नदी ओलांडून गेला तेव्हा पोरांनी कॉन्स्टेबलला बोलावून पकडून दिलं. कपडे उतरवून झडती घेतली तर १३ शिलिंगांच्या वर नाणी निघाली, मजुराला तेव्हा दिवसाला काही पेन्स मिळायचे त्या काळात. तोंड धुतल्यावर खाली छान गोरापान, पिवळसर दाढीचा माणूस. रात्री तो तिथून उघडाच पळाला, नंतर नव्या वर्षाच्या दिवशी चांगल्या कपड्यांत परत सापडला, घर बघितलं तर बायको, सामानसुमान, सगळं व्यवस्थित थाटलेलं. त्याला चीपसाइडला खोड्यात उभं केलं, आणि हार्मनच्या पुस्तकात त्याची दोन चित्रं शेजारी शेजारी छापली, एक बनूनठनून आणि एक रक्ताने माखलेला.

गोष्ट भारी आहे, पण ती कोणी लिहिलीय ते विसरू नका. पकडणाऱ्याने लिहिलीय. जेनिंग्जने स्वतः काही लिहिलं नाही, कोणत्याच मॉन्डरने लिहिलं नाही. जो खरंच फिट येऊन गटारात पडला आणि ज्याला कोणी चेहरा धू म्हणालं नाही, त्याची गोष्ट छापायला कोणाला पडली होती? म्हणून या शब्दाबद्दल जे काही आपल्याला कळतं ते सगळं चाबूक हातात असलेल्या माणसाकडून कळतं, आणि व्युत्पत्तीत जी गडबड आहे त्याचं एक कारण हेही आहे असं मला वाटतं.

पुढची दोनशे वर्षं शब्द भामट्यांच्या डिक्शनऱ्यांत फिरत राहिला. फ्रान्सिस ग्रोजने १७८५ ला बाजारू इंग्लिशचा एक कोश काढला, त्यात मॉन्डला आणखी एक अर्थ चिकटलेला दिसतो, भीक मागण्यासाठी केलेली खोटी जखम. आणि त्याचे प्रकार! फुटमनचा मॉन्ड म्हणजे हाताच्या मागच्या बाजूला कळीचा चुना, साबण आणि जुन्या लोखंडाचा गंज लावून केलेला फोड, सांगायचं काय तर घोडा चावला किंवा लाथ बसली, कारण फुटमन हा बड्या लोकांच्या गाडीबरोबर राहणारा नोकर. गवंड्याचा मॉन्ड कोपराच्या वर, म्हणजे बांधकामाच्या परांचीवरून पडून हात मोडला असं दाखवायला. सैनिकाचा मॉन्ड म्हणजे बनावट सैनिक, कुठल्यातरी नावाजलेल्या वेढ्यात लागलेली खोटी जखम दाखवत फिरणारा. कळीच्या चुन्याने कातडी खरंच भाजते हो, म्हणजे खोटी जखम करायला खरी जखम करून घ्यायची. ग्रोजला त्यात फक्त लबाडी दिसली.

आता उगम. इथे कोशकारांचे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो की शब्द फ्रेंचवरून आला, तिकडे भीक मागण्याला मॉंदिए म्हणतात आणि त्याच अर्थाचा दुसरा शब्द केमॉंदे, त्यात तर मॉंद सरळ ऐकू येतं. मॉंदिए हा लॅटिन मेन्डिकारेचा मुलगा, आणि मेन्डिकारेच्या पोटात मेन्डम आहे, म्हणजे दोष, व्यंग. ज्याच्या शरीरात काही खोट आहे तो मेन्डिकस, तो भिकारी. याच मेन्डमवरून इंग्लिश मेन्ड आलाय, दुरुस्त करणे. म्हणजे हा पक्ष खरा असेल तर मॉन्ड आणि मेन्ड चुलत भाऊ झाले.

दुसरा पक्ष म्हणतो की शब्द रोमानी भाषेतून आला, ज्यांना इंग्लिश लोक जिप्सी म्हणायचे त्यांच्या भाषेतून, तिथे मागण्याला मंग म्हणतात. आता मंग ऐकल्यावर तुमचे कान टवकारले असतील, माझेही टवकारले होते. पण त्यावर दुसऱ्या एका वाचकाने थेट प्रश्नच पाठवलाय, तर तिकडे बोलू.

माझं मत विचाराल तर मी पहिल्या पक्षाकडे झुकतो. मंगमधला ग जाऊन तिथे ड यायला काही कारण दिसत नाही, उलट फ्रेंच शब्दांत द आधीपासून बसलेला आहे. शिवाय हार्मनच्या यादीत रोमानी शब्द जवळजवळ नाहीतच, पॅनम आहे, चांगलं या अर्थाचा लॅटिन वळणाचा बेने आहे, एकूण मामला युरोपातल्या भटक्या विद्यार्थ्यांचा आणि मठांतून बाहेर पडलेल्यांचा वाटतो. त्या गर्दीत एकच रोमानी शब्द येऊन बसला असं म्हणायला मन धजत नाही. अर्थात मन धजत नाही हा काही पुरावा नव्हे.

राहिला मण. इंग्रजांनी मण या शब्दाचा मॉन्ड केला तो पोर्तुगीजांच्या तोंडून ऐकून, पोर्तुगीज त्याला माओं असं काहीतरी नाकातून म्हणायचे. मूळ शब्द फार जुना आहे, बाबिलोनकडचा माना, त्यातूनच ग्रीकांचा म्ना आणि अरबांचा मन्न. इंग्रजी अमलात बंगालचा मण ८२ पौंडांच्या वर, म्हणजे सुमारे ३७ किलो, मुंबईचा २८ पौंड आणि मद्रासचा २५, त्यामुळे नुसतं इतके मण लिहिलेलं वाचून हिशोब करायला जाऊ नका, कुठला मण ते आधी बघा. आणि टोपलीचा मॉन्ड हा अस्सल जुना इंग्लिश शब्द, वेताची किंवा फोकांची विणलेली टोपली. भिकाऱ्याच्या हातात टोपली असते म्हणून तिघांतले दोन एकच, अशी सोयीची गोष्ट काही लोक सांगतात. नाही.

प्रश्न: रोमानी लोक मूळचे भारतातले असं वाचलंय. त्यांच्या भाषेत मंग म्हणजे मागणे असेल तर तो आपल्या मागणेचाच भाऊ ना? मग इंग्लिश भिकारी मराठी बोलत होते असं म्हणायला काय हरकत आहे?

उत्तर: पहिल्या वाक्याला हो, दुसऱ्यालाही हो, तिसऱ्याला जरा थांबा.

रोमानी ही आपल्याच घरातली भाषा आहे, यात आता कोणालाही शंका नाही. नाकाला नाक, कानाला कान, पाण्याला पानी, पाचाला पंज, दहाला देश. भावाला फ्राल, भ्राता याच शब्दाचं ते रूप, इंग्लंडमध्ये त्याचा पाल झाला आणि सतराव्या शतकाच्या शेवटाला इंग्लिशमध्ये शिरला, आज मित्राला पाल म्हणणाऱ्याला कल्पनाही नसते की आपण भाऊच म्हणतोय. त्यांचा मंग आणि आपलं मागणे दोन्ही संस्कृत मार्गति या क्रियापदाचे वंशज, मधे प्राकृतातलं मग्गइ. टर्नर साहेबांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात दोघं एकाच नोंदीखाली नांदतात.

आणि मार्गति म्हणजे मुळात मागणे नव्हे बरं का, शोधणे. मार्ग हा शब्द मृगावरून आलाय, मृग म्हणजे नुसतं हरीण नाही तर कुठलंही रानातलं जनावर, त्याच्या पावलांची खूण ती मार्ग, त्या खुणेवरून जाणं ते मार्गति. मृगया म्हणजे शिकार त्यातलीच. आपण आजही माग काढणे म्हणतो ना, चोराचा माग काढला, तो माग आणि मागणे एकाच बीजाचे. म्हणजे मागणारा हा मुळात माग काढणारा, काहीतरी शोधत निघालेला. लॅटिनवाल्यांनी भिकाऱ्याकडे बघून त्याचं व्यंग टिपलं आणि आपल्याकडे त्याचं चालणं टिपलं गेलं. यावरून कोणाची संस्कृती थोर असले निष्कर्ष कृपा करून काढू नका, शब्द कसा बनला तेवढंच यातून कळतं, भिकाऱ्याला पोटभर मिळालं का ते नाही कळत.

याच ओघात भीक पण बघून घेऊ. भिक्ष् हे संस्कृत क्रियापद भज् या धातूचं इच्छारूप आहे असं व्याकरणवाले सांगतात, भज् म्हणजे वाटणे, हिस्सा देणे. म्हणजे भिक्षा मागणारा म्हणतोय की मला माझा वाटा हवाय. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानावरच अडकून पडलो होतो. भीक या शब्दात आज जी लाचारी ऐकू येते ती मूळ शब्दात औषधालाही नाही.

आता तुमचं तिसरं वाक्य. रोमानी लोक इंग्लंडात पोचले सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि १५३० ला त्यांना हाकलायचा कायदाही झाला, त्यात त्यांचं नाव इजिप्शियन असं लिहिलंय कारण इंग्लिश लोकांना वाटायचं हे इजिप्तमधून आले. त्या इजिप्शियनचंच घासून जिप्सी झालं. १५५४ ला तर देश सोडला नाही तर फाशी अशी तरतूद आली. तेव्हा हार्मनच्या काळात ते तिथे होते आणि रस्त्यावरच होते, म्हणजे शब्दाची देवाणघेवाण होणं अशक्य अजिबात नाही. पण शक्य आहे आणि झालं यांत फरक असतो, आणि आवाजात सारखे दिसले की लगेच नातं जोडायचं हा आपल्याकडचा जुना आजार आहे. वर सांगितलं तसं मला त्या ग आणि डची गाठ बसत नाही. तुम्हाला बसवता आली तर लिहा, मी आनंदाने माघार घेईन.

आणि मंगला खरंच दुसरीकडे घर मिळालंय, त्यासाठी इंग्लंडच्या मागे लागायची गरज नाही. स्पेनमधल्या रोमानी लोकांच्या बोलीत मांगार म्हणजे मागणे, तो शब्द स्पॅनिशने उचलला आणि आज बोलीभाषेत मांगार म्हणजे ढापणे, लंपास करणे. स्पॅनिश अकादमीच्या कोशातसुद्धा तो उगम नोंदवलेला आहे. मागणेचा अर्थ चोरणे कसा झाला? मागणारा आणि चोरणारा ऐकणाऱ्याला एकच वाटायचा, एवढंच त्याचं उत्तर.

प्रश्न: ईस्टरच्या आधीच्या गुरुवारला मॉन्डी थर्सडे म्हणतात आणि त्या दिवशी इंग्लंडचे राजे गरिबांना पैसे वाटतात. हा मॉन्डी म्हणजे मॉन्डच का?

उत्तर: वाटतो खरा, आणि असं सांगणारे अभ्यासू लोकही आहेत. त्यांचं म्हणणं असं की राजा गरिबांना थैल्यांतून, टोपल्यांतून दान द्यायचा, मागणारे मॉन्ड करायचे, म्हणून तो मॉन्डी. गोष्ट इतकी चपखल बसते की तिथेच संशय यावा.

बहुतेक कोश मात्र तो लॅटिन मान्डाटमवरून आणतात, आज्ञा. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि मी तुम्हाला नवी आज्ञा देतो, एकमेकांवर प्रेम करा, असं म्हणाला, ते योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात आहे. लॅटिन उपासनेत त्या दिवशीचं पाय धुणं याच शब्दांनी सुरू व्हायचं, मान्डाटमचं जुन्या फ्रेंचमध्ये मांदे झालं आणि इंग्लिशमध्ये मॉन्डी. हा शब्द कॅन्टमधल्या मॉन्डच्या कितीतरी आधीपासून इंग्लिशमध्ये आहे, त्यामुळे नातं उलटं लावायला गेलात तर वयाचा हिशोबच जुळत नाही.

वाटपाचा प्रकार मात्र मजेशीर आहे. १२१३ ला किंग जॉनने रोचेस्टरला १३ गरिबांना प्रत्येकी १३ पेन्स दिले अशी नोंद आहे. आता जितकं राजाचं वय तितके पुरुष आणि तितक्याच बायका निवडतात, चांदीची एक, दोन, तीन आणि चार पेन्सची खास नाणी पांढऱ्या थैलीत आणि दुसऱ्या लाल थैलीत नेहमीचे पैसे. २०२२ ला राणी एलिझाबेथच्या ९६ च्या हिशोबाने ९६ पुरुष आणि ९६ बायका होत्या, आणि राणीला बरं नसल्यामुळे चार्ल्सने वाटप केलं. आता तिथे गरीब असण्याची अटही उरलेली नाही, चर्चच्या आणि समाजाच्या कामात आयुष्य घालवलेल्या म्हाताऱ्यांना बोलावतात. त्यांतल्या कोणी मॉन्ड केलेलं नसतं, उलट नाव सुचवावं लागतं.

प्रश्न: गालफुगीला इंग्लिशमध्ये मम्प्स म्हणतात आणि जुन्या इंग्लिशमध्ये मम्प म्हणजेही भीक मागणे असं कळलं. भिकाऱ्यांचे गाल सुजायचे का?

उत्तर: नाही हो. दोन मम्प आहेत. एक मम्प म्हणजे तोंड वेडंवाकडं करणे, ओठ हलवत पुटपुटणे, त्यावरून आजाराचं नाव आलं, गाल सुजल्यावर चेहरा तसा दिसतो म्हणून. दुसरा मम्प डच भाषेतून, मोम्पेन म्हणजे फसवणे, सतराव्या शतकात इंग्लिशमध्ये आला आणि भीक मागणे असा अर्थ घेऊन बसला. ग्रोजच्या कोशात मम्पर म्हणजे आधी जरा बऱ्या घरातला वाटेल असा भिकारी आणि मग कोणताही भिकारी, आणि मम्परांचा हॉल म्हणजे भिकारी जिथे जमायचे तो गुत्ता. इंग्लंडच्या काही भागांत २१ डिसेंबरला, सेंट टॉमसच्या दिवशी, गरीब बायका दारोदार जाऊन धान्य किंवा पैसे मागायच्या, त्या दिवसाला मम्पिंग डे नाव होतं. ब्रिटिश पोलिसांच्या बोलीत मम्पिंग अजून आहे, ड्यूटीवरच्या पोलिसाने हॉटेलात फुकट चहा, फुकट खाणं घेणं म्हणजे मम्पिंग. म्हणजे शब्द भिकाऱ्याकडून सुटला तो थेट त्याला पकडणाऱ्याकडे गेला.

प्रश्न: आणि मग बेग हा साधा शब्द?

उत्तर: त्याचंही जन्मस्थान भांडणात आहे. काही जण जुन्या इंग्लिशमधल्या बेडेकियन या शब्दाकडे नेतात, त्याचा अर्थ मागणे. काही जण बेगार्ड नावाच्या धार्मिक भटक्या मंडळींकडे नेतात, नेदरलंड्सच्या बाजूचे, भिक्षेवर जगणारे. त्या मताप्रमाणे आधी बेगर हा शब्द आला आणि त्याचा शेवट कापून बेग तयार झाला, म्हणजे आधी भिकारी आणि मग भीक.

प्रश्न: मॉन्ड आता कुठेच उरला नाही का? आणि सूर्यावरच्या डागांबद्दल वाचताना मॉन्डर मिनिमम असं येतं, ते काय?

उत्तर: उरलाय असं म्हणता येईल, वेश बदलून. मॉन्डर हे क्रियापद आजच्या इंग्लिशमध्ये आहे, अर्थ असंबद्ध बडबडत बसणे, धड कुठे न जाता रेंगाळणे. बरेच कोशकार ते मॉन्डर म्हणजे भिकारी याच शब्दाशी जोडतात, दारासमोर उभा राहून एकसुरात तेच तेच पुटपुटणारा माणूस डोळ्यांसमोर आणा, ऐकणाऱ्याने शब्द ऐकायचे सोडून दिलेत आणि नुसता आवाज उरलाय.

मॉन्डर मिनिममचा याच्याशी संबंध नाही, १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग फारच कमी दिसले, त्या काळाला एडवर्ड वॉल्टर मॉन्डर या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाच्या आडनावावरून हे नाव मिळालं. त्याची बायको अ‍ॅनी मॉन्डर हीसुद्धा त्याच कामात होती, दोघांनी मिळून सूर्याचे फोटो आणि डागांच्या नोंदी तपासल्या. तिचं नाव यात धरायचं की नाही यावर प्रश्न आला तर पुढच्या अंकात.